पुंजाराम दाभाडे यांची जपानी गावांची वही

मराठवाड्यात नुसतं नाव विचारून कुणी थांबत नाही. पाठोपाठ प्रश्न येतो, "गाव कोणतं?" गाव कळलं की त्या गावचे एखादे गुरुजी, एखादा पैलवान, एखादा कंडक्टर आठवतो आणि मगच खरं बोलणं सुरू होतं. पुंजाराम दाभाडे यानं हाच प्रश्न जपानी पाहुण्यांना विचारला आणि त्यावर तीस वर्षं गाईडचं काम केलं. आमची ओळखही तितकीच जुनी, म्हणून त्याच्याबद्दल एकेरीत लिहितो. वयानं तो सत्तावन्नचा. मी ज्या प्रवासी कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयात काम करतो, तिथं कोणत्या ग्रुपला कोणती बस आणि कोणता गाईड द्यायचा हे माझं काम.

पुंजारामचा जन्म अजिंठा गावातला, लेण्यातला नव्हे, वर घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावातला. वडील सर्जेराव आणि आई दगडाबाई लोकांच्या मातीच्या भिंतींना गिलावा करून देत. पुंजाराम दहावीनंतर लेण्यांपाशी स्फटिक आणि गारगोट्या विकायला बसू लागला. त्या काळात जपानी पाहुणे बसा भरभरून यायचे. त्यांच्याशी घासाघीस करता करता त्याला भाषा आली. पुढं परवान्याची परीक्षा दिली, हर्सूलला घर केलं. मात्र जपानी लिपी त्याला कधीच जमली नाही. बोलायला लागला की टोकियोची माणसं माना वळवून बघतात, पण हॉटेलच्या दारावरची जपानी पाटी त्याला वाचता येत नाही.

म्हणून त्याची वही देवनागरीत आहे. खाकी कव्हराची, दोनशे पानी. जपानचे सत्तेचाळीस प्रांत, प्रत्येकाला चार पानं. तिथं कोण मोठं माणूस होऊन गेलं, तिथली माणसं कशाचा अभिमान धरतात, हे सगळं त्यानं पाहुण्यांकडूनच विचारून लिहिलेलं. कुणी म्हणालं मी कागावाचा, की हा लगेच म्हणायचा, "म्हणजे कूकाई महाराजांच्या मुलखातले!" चीनमध्ये जाऊन धम्माचं शिक्षण घेऊन आलेले हे थोर भिक्खू तिकडचे. पाहुणा आधी चकित व्हायचा, मग हसायचा, मग बायकोला हाक मारून सांगायचा. दिवसभर तो माणूस पुंजारामच्या मागं मागं फिरायचा.

चार पानांत न मावलेला मुलूख एकच होता, ऐझू. फुकुशिमा प्रांताच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग. आकारानं लहान, पण मोठ्या माणसांची रांगच. जिवाणूंवर संशोधन करणारे डॉक्टर नोगुची तिथले. दीड वर्षाचे असताना चुलीच्या आगीत त्यांचा डावा हात होरपळला, बोटं एकमेकांना चिकटली. आईनं शेतात राबून शिकवलं. गावच्या डॉक्टरनं शस्त्रक्रिया करून बोटं मोकळी केली आणि हा मुलगा स्वतः डॉक्टर व्हायला निघाला. बरीच वर्षं त्यांचा चेहरा जपानच्या नोटेवर होता. याए नावाची बाई तिथली. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा केस कापून, बंदूक घेऊन ती तटावर उभी राहिली आणि म्हातारपणी परिचारिका होऊन जखमींची सेवा करत राहिली. सुतेमात्सु तिथलीच. त्याच वेढ्यात लहानपणी ही मुलगी न फुटलेल्या तोफगोळ्यांवर ओल्या रजया टाकत होती. पुढं अमेरिकेत शिकून पदवीधर झाली. नोगुचींच्या आईची गोष्ट सांगताना पुंजारामचा आवाज दर वेळी जड व्हायचा. मी ती दहा वेळा तरी ऐकली असेल.

करोनानंतर ग्रुप कमी झाले. फोनमध्ये बोलकं भाषांतर आलं. आमच्या दिल्लीच्या मुख्य कार्यालयानं पुण्याचा अतुल नावाचा तरुण गाईड निवडून ठेवला. त्यानं जपानीची सर्वांत वरची परीक्षा दिली होती, लिहिता-वाचता येत होतं. गेल्या नोव्हेंबरात दिल्लीहून मला निरोप आला: हंगामाचा पहिला ग्रुप दाभाडेंना द्या. जपानहून सोबत येणाऱ्या बाईंचा अहवाल चांगला आला तर ठीक, नाहीतर मार्चपर्यंतचे सगळे ग्रुप अतुलकडे.

मी हे पुंजारामला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, वाचता येत नाय हे खरं हाय. पण लेण्यात वाचायला हाय काय? तिथं तर बघायचंच हाय."

चौदा जणांचा ग्रुप. सोबत ओकाबे नावाच्या तिशीतल्या बाई, त्यांच्या कंपनीच्या. पहिल्या दिवशी वेरूळ. बस छावणीतून बाहेर पडली तसा पुंजाराम माइक घेऊन उभा राहिला आणि एकेकाला गाव विचारू लागला. सहाव्या जागेवर होशी नावाचे एकोणऐंशी वर्षांचे आजोबा होते, लाखेची भांडी करणारे कारागीर. त्यांनी हळूच सांगितलं, "ऐझू."

पुंजाराम खुललाच. नोगुची झाले, याए झाली, सुतेमात्सु झाली. होशी आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले म्हणे.

दोन जागा सोडून मियोशी नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी आपलं गाव सांगितलं. त्या गावाचं नाव मराठी कानाला जरा अडचणीचं आहे, म्हणून मी इथं त्यांच्या जुन्या संस्थानाचं नाव वापरतो, चोशू. जपानचा पहिला पंतप्रधान त्याच गावात वाढला.

आता वहीत चोशूच्या पानावर एक ओळ होती. चौदा वर्षांपूर्वी चोशूच्याच एका पाहुण्यानं हसत हसत सांगितलेली. "आमचं आणि ऐझूचं इन्नेन आहे." पुंजाराम बौद्ध घरातला. विहारात हेतू-प्रत्ययावर प्रवचनं ऐकलेला. कारणावाचून काही घडत नाही, हा बुद्धांचा विचार चिनी अक्षरांतून जपानात गेला आणि तिथं 'इन्नेन' झाला, हे त्याला एका जपानी भिक्खूंनी सांगितलं होतं. तेव्हा त्यानं त्या ओळीपुढं लिहून ठेवलं: इन्नेन = ऋणानुबंध.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, स्तूपापुढं, त्यानं दोघांना पुढं बोलावलं. सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "आज बुद्धांच्या समोर ऐझू आणि चोशू भेटले. दोघांचं जुनं इन्नेन. आता हातात हात घ्या, फोटो काढू." आणि त्यानं स्वतःच होशी आजोबांचा हात धरून मियोशीबाईंच्या हाताकडं नेला.

कुणी हसलं नाही. आजोबांनी हात सोडवून घेतला, मान किंचित लववली आणि एकटेच बसकडं चालू लागले. कैलास लेणं त्यांनी पाहिलंच नाही. मियोशीबाई तिथंच खाली बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी सहाला ओकाबेबाई मला हॉटेलात भेटल्या. त्या इंग्रजीतून बोलल्या, शांतपणे. दीडशे वर्षांपूर्वी जपानात राजसत्तेवरून युद्ध झालं. जिंकणाऱ्यांत चोशू पुढं होतं. ऐझूचा किल्ला महिनाभर वेढ्यात होता, मग पडला. सोळा-सतरा वर्षांची पोरं मेली, घरात बायकांनी जीव दिले. हरलेल्यांना गाव सोडून उजाड मुलखात जावं लागलं. युद्धाला एकशेवीस वर्षं होत आली तेव्हा चोशूच्या गावानं मैत्रीचा हात पुढं केला होता. ऐझूच्या लोकांचं उत्तर आलं, "अजून लवकर आहे."

"इन्नेनचा अर्थ काय?" मी विचारलं.

"पोथीत कारण. रोजच्या बोलण्यात, पिढ्यांचं भांडण," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरा गाईड मिळेल का?"

एका रात्रीत मिळणार नव्हता. मग उद्याचं अजिंठा बघून संध्याकाळी अहवाल लिहीन, असं त्यांनी सांगितलं. तो कोणत्या दिशेनं जाणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मी पुंजारामच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोनं, रत्नमालाबाईंनी उचलला. "साहेब, काय झालं हो? आल्यापासून वही मांडीवर घेऊन बसलेत. चहा ठेवला तो तसाच गार झाला."

फोन त्याच्याकडं गेला. मी सगळा अर्थ सांगितला. तो म्हणाला, "म्या त्यांचा हात धरला, साहेब. हाताला धरून नेलं म्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी मीही बसमध्ये बसलो. पुंजाराम पुढं, ड्रायव्हर गोकुळच्या शेजारच्या लहान जागेवर. होशी आजोबा शेवटच्या रांगेत, खिडकीला डोकं टेकून. माइक हुकाला लटकत राहिला. फुलंब्री मागं पडली तरी पुंजाराम काही बोलेना, तेव्हा गोकुळला राहवलं नाही. गोकुळ सिल्लोडकडचा, शेतकरी घरातला, तोंडाचा फटकळ.

"दाभाडेमामा, आज मौनीबाबा का काय? काल तर लई गाजवलं म्हणं. त्या आजोबाला काय बोलले?"

पुंजारामनं त्याला थोडक्यात सांगितलं. एकाच देशातले दोन मुलूख, जुनी लढाई, अजून मनात.

"मंग त्यात जपानी काय? ही तर भाऊबंदकी हाय!"

"भाऊबंदकी कशी? ही लढाई हाय."

"आवो, आमच्या आज्याचा अन् चुलतआज्याचा बांध. हातभर बांध, मामा! तीन पिढ्या झाल्या. त्यांच्या लग्नाला आमी नाय, आमच्या लग्नाला ते नाय. मयताला मातर जातोत. आता उद्या तुमी आमच्या चुलत्याला अन् मला पंचायतीसमोर उभं करून म्हणले, घ्या रे हातात हात, काढा फोटो, तर म्या काय करंल?"

"काय करशील?"

"तुमाला बसखाली घेईल!"

पुंजाराम हसला नाही. पण त्यानं पिशवीतून वही काढली, 'ऋणानुबंध' हा शब्द खोडला आणि बस हलत असतानाच वर 'भाऊबंदकी' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग मागं वळून शेवटच्या रांगेकडं पाहत राहिला. त्याला उठून जायचं होतं, हे मला दिसत होतं. तो गेला नाही.

लेण्यांत त्यानं नेमून दिलेली माहिती नेमून दिल्यासारखी सांगितली. पहिल्या क्रमांकात पद्मपाणी, शतक अमुक, रंग तमुक. फोनमधल्या बाईनंही तेवढंच सांगितलं असतं. पाहुणे भराभर पुढं सरकू लागले. ओकाबेबाई वहीत काहीतरी टिपत होत्या.

सतराव्या लेण्यात मियोशीबाईच त्याच्यापाशी आल्या. शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "पुंजाराम-सान, काल तुम्ही आम्हा सगळ्यांची गावं विचारलीत. तुमचं कोणतं?"

"हेच. वर, घाटाजवळ. अजिंठा."

"मग तुमच्या गावचं मोठं माणूस कोण?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी उलटून विचारला नव्हता. त्याच्या वहीत अजिंठ्याचं पान नव्हतं. त्यानं भिंतीवरच्या चित्रांकडं हात केला आणि म्हणाला, "ज्यांनी हे काढलं ते असतील. पण त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. दान देणाऱ्याचं नाव दगडात कोरलेलं आहे. रंगवणाऱ्याचं नाही."

मागून एक खोल आवाज आला. "रंगाच्या खाली काय आहे?"

होशी आजोबा होते. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द. रंग निघून गेला होता त्या जागेवर ते वाकून बघत होते, हात पाठीमागं बांधून, भिंतीला चुकूनही लागू नये म्हणून.

इथं मात्र पुंजारामला काही आठवावं लागलं नाही. आधी जाड मातीचा थर, त्यात भाताचं तूस आणि झाडाचे तंतू, म्हणजे सुकताना भेगा पडत नाहीत. वर बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. माझे आई-वडीलही अशीच माती मळायचे, तो म्हणाला. आई पायांनी तुडवायची आणि चार बोटं खुपसून बघायची. बोटाला माती चिकटली तर अजून तुडवायची. किती दिवस, आजोबांनी विचारलं. "आई म्हणेल तितके दिवस," पुंजाराम म्हणाला.

आजोबांनी मान हलवली. लाखेच्या वाडग्यातही खाली मातीची पूडच असते, त्यांनी सांगितलं. थरावर थर. वरची चकाकी सगळे बघतात, खालचं काम कुणी बघत नाही, आणि आम्हीही वाडग्यावर नाव घालत नाही.

लेण्याबाहेरच्या ओट्यावर आजोबा बूट घालायला बसले. पुंजाराम त्यांच्यापुढं खाली बसला. मी दोन हात अंतरावर उभा होतो. आत आणि इथं जे बोलणं झालं ते त्यानं मला परतताना शब्दशः सांगितलं.

तो म्हणाला, "काल मी चुकलो. इन्नेनचा अर्थ मी आमच्या विहारातला घेतला. आमच्याकडं तुमच्यासारख्या गोष्टीला वेगळा शब्द आहे. एका आजोबांची शेती, मधे हातभर बांध, भाऊ भाऊ बोलत नाहीत. लग्नाला जात नाहीत. मयताला जातात. अशा माणसाचा हात परक्यानं धरायचा नसतो. मी धरला."

आजोबा बुटाची नाडी बांधत होते. ती पूर्ण बांधून झाल्यावर म्हणाले, "शब्द बरोबर होता. इन्नेनच आहे. पण तुम्ही तो हसून म्हणालात. तुम्हाला तो कुणी शिकवला?"

"एका पाहुण्यानं."

"तो हसत होता का?"

"हो."

"कुठला होता?"

पुंजारामला सांगावंच लागलं. "चोशूचा."

"असणारच," आजोबा म्हणाले. "हसत सांगायला आधी जिंकावं लागतं."

आणि ते खरोखर हसले. मोठ्यानं नाही, खांद्यांनी. मियोशीबाई जवळच होत्या, त्यांनी ऐकलं असावं. त्या पुढं आल्या, दोन्ही हातांनी सुकवलेल्या आंबट आलूबुखाराची एक गोळी आजोबांपुढं धरली. पुढं अजून बऱ्याच पायऱ्या चढायच्या-उतरायच्या होत्या. आजोबांनी गोळीकडं पाहिलं, घेतली, तोंडात टाकली.

"गोळी चालेल," ते म्हणाले. "फोटोला अजून लवकर आहे."

पहिल्यांदा ओकाबेबाईच हसल्या, मग सगळा ग्रुप. मियोशीबाई तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला टेकावं लागलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, तरी मीही हसलो.

सव्विसाव्या लेण्यात, महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर, पुंजाराम पुन्हा नेहमीसारखा बोलला. आजोबा सगळ्यांत पुढं उभे होते. मियोशीबाई सगळ्यांत मागं. दोघांत बारा माणसं.

परतीच्या बसमध्ये ओकाबेबाईंनी अहवाल लिहून काढला. पुंजारामला जपानी वाचता येत नाही हे मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी त्याला शेजारी बसवून तो वाचून दाखवला आणि माझ्यासाठी इंग्रजीतून सांगितला. पहिलंच वाक्य होतं, 'गाईडनं पहिल्या दिवशी एक गंभीर चूक केली.' पुढं दुसऱ्या दिवसाची हकीकत होती. होशी आजोबांनी स्वतः एक वाक्य घालायला लावलं होतं, 'भिंतीच्या खालचा थर ज्याला ठाऊक आहे असा गाईड बदलू नये.' शेवटी बाईंची शिफारस: यापुढं ग्रुप निघण्याआधी पाहुण्यांच्या गावांची यादी दाभाडे यांच्याकडं पाठवावी आणि कोणाला कोणाशेजारी उभं करू नये हे त्यांनी ओकाबेबाईंच्या कंपनीकडून विचारून घ्यावं.

मला ते पहिलं वाक्य डाचत होतं. दिल्लीची माणसं अहवालाची पहिली ओळ वाचतात आणि निर्णय घेतात, हा माझा अनुभव. मी अहवाल पाठवला, पण रात्रभर मनात तेच होतं. दुसऱ्या दिवशी अकराला दिल्लीचं उत्तर आलं. मार्चपर्यंत दाभाडेच. अतुलला पुढच्या तीन ग्रुपांबरोबर पाठवतो, वाचण्या-लिहिण्याचं काम तो बघेल. मात्र पहिल्या वाक्याची नोंद दाभाडेंच्या नावापुढं कायम राहील. ती काढून हवी असेल तर ओकाबेबाईंकडून दुसरा अहवाल मागवून घ्या.

मी पुंजारामला फोन केला. मार्चपर्यंत तूच, असं सांगितल्यावर पलीकडून नुसतं "व्हय?" आलं. मग तो रत्नमालाबाईंना काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. तो परत फोनवर आल्यावर मी नोंदीचं सांगितलं आणि म्हणालो, ओकाबेबाई अजून मुंबईत आहेत, भल्या आहेत, ते एक वाक्य बदलून देतील.

"नको, साहेब," पुंजाराम म्हणाला. "ऱ्हाऊ द्या ते. खरं हाय."